शालान्त परीक्षेची विषययोजना
शालान्त परीक्षेची विषययोजना : माध्यमिक शालान्त प्रमाणपत्रासाठी आवश्यक विषयांची निश्चिती. महाराष्ट्रात ती १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या, पुणे येथील राज्य मंडळामार्फत होते. खराडीतील मंडळमान्य शाळा त्याच्या पुणे विभागात मोडतात. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पुरस्कारिलेल्या १०+२+३ आकृतिबंधानुसार १९७५ पासून ही परीक्षा अकरावीऐवजी दहावीअखेर होऊ लागली. तीन भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे ही तिची मुख्य विषयांगे होत. सर्वांना समान शैक्षणिक पाया लाभावा, हा अनिवार्यतेचा हेतू. तथापि एखाद्या विषयातील अपयशाने विद्यार्थ्याचे पुढील शिक्षण अडते. यास्तव अनुत्तीर्ण विषयांसह अकरावीत तात्पुरत्या प्रवेशाची सवलत ठेवण्यात आली. सर्वोत्तम पाच विषयांच्या गुणांवरून टक्केवारी काढण्याच्या पद्धतीने मात्र उरलेल्या विषयात उत्तीर्ण होण्याची अट रद्द होत नाही.