दिवा बदलला, मग बिल का नाही बदललं?

बऱ्याच घरांत आजही रात्रभर झिरोचा बल्ब जळत असतो. देवघरात लाल, झोपायच्या खोलीत हिरवा किंवा निळा. तो वीज खातच नाही अशी पक्की समजूत असल्यामुळे सकाळी उजाडल्यावरही त्याचं बटण बंद करायची कुणाला घाई नसते. वस्तुस्थिती अशी की आत तार असलेला काचेचा झिरोचा बल्ब 12 ते 15 वॉटचा असतो. म्हणजे ज्या 9 वॉटच्या एलईडी बल्बखाली मुलं बसून अभ्यास करू शकतात, त्याच्यापेक्षा हा मिणमिणता दिवा जास्त वीज घेतो. 15 वॉटचा बल्ब रोज रात्री नऊ तास चालला, तर वर्षाला जवळपास 49 युनिट होतात. त्याच जागी अर्ध्या वॉटचा एलईडी नाइट लॅम्प लावला, तर वर्षभरात दोन युनिटही होत नाहीत.

या उदाहरणानं सुरुवात करण्याचं कारण असं की घरातल्या दिव्यांवर पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचत नाहीत, याचं उत्तर त्यात आहे. दिव्याचे वॉट गुणिले तो चालतो तेवढे तास, भागिले हजार, एवढंच युनिटचं गणित. आपण वॉटकडे थोडंफार बघतो; तासांकडे बघतच नाही. एलईडीबद्दलचे निम्मे गैरसमज तासांचा हिशेब न केल्यामुळे झालेले आहेत.

"सगळे दिवे एलईडी केले, तरी बिल तेवढंच"

ही तक्रार खरी असते, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवायला हवा.

आधी बदललं काय ते बघू. 60 वॉटचा जुना बल्ब काढून 9 वॉटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास चालत असेल, तर वर्षाला सुमारे 93 युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले, तर 930 रुपये. बल्ब शंभर रुपयांचा असेल, तर सव्वा-दीड महिन्यात त्याची किंमत वसूल. पण तोच जुना बल्ब न्हाणीघरात असेल आणि दिवसाला जेमतेम अर्धा तास लागत असेल, तर वर्षाची बचत नऊ-दहा युनिटची. सीएफएल काढून एलईडी लावला असेल, तर फरक आणखी कमी. 14 वॉटच्या सीएफएलच्या जागी 9 वॉटचा एलईडी आला की पाच वॉट वाचले. रोज पाच तासांच्या हिशेबानं वर्षाला पुन्हा नऊच युनिट. त्यामुळे चालू असलेला सीएफएल घाईनं काढण्यात पैशाचा फायदा फार नाही, तो गेला की बदलावा.

जुन्या ट्यूबलाइटचं मात्र तसं नाही. 40 वॉटची जाडी ट्यूब आणि तांब्याच्या तारेचा जड चोक ही जोडी ज्या घरात अजून आहे, तिथे तो चोकच दहा-बारा वॉट खातो. म्हणजे मीटरवर 50 वॉटच्या पुढे. 20 वॉटची एलईडी पट्टी लावली, की 30 वॉटपेक्षा जास्त वाचतात, आणि बाहेरच्या खोलीतली ट्यूब सहा तास तरी चालतेच. वर्षाचे 70 युनिट होतात.

आता घरातल्या बाकीच्या उपकरणांकडे पाहू. दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट झालं. तेवढ्या विजेवर 9 वॉटचा बल्ब 111 तास जळतो. साधा छताचा पंखा 70 ते 80 वॉट घेतो, आणि उन्हाळ्यात तो चौदा-पंधरा तास फिरतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात दिवे बदलले आणि त्याच सुमारास पंखे, कूलर किंवा एसी वाढले, तर दिव्यांची बचत बिलात शोधूनही सापडणार नाही. ती झालेली असते, पण दुसऱ्या वापराखाली दडलेली असते.

बचत मोजायची तर मागच्या महिन्याशी तुलना करू नका. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, आणि रुपयांऐवजी युनिट बघा. दरम्यान दर बदललेले असू शकतात आणि स्थिर आकार तर वापर कितीही कमी केला तरी द्यावाच लागतो. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो. त्यावरून हे पाच मिनिटांत कळतं.

याच बिलात बचतीच्या बाजूची एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतात: पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 ते 300 चा टप्पा बराच महाग, पुढे आणखी महाग. तुम्ही महिन्याला 140 युनिट वापरत असाल आणि 20 वाचवले, तर ते वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात. वहन आकार आणि वीज शुल्क हेही त्या युनिटांबरोबर उतरतं. म्हणून सरासरी दर काढून केलेल्या हिशेबापेक्षा प्रत्यक्ष बचत जास्त निघते.

"जास्त वॉट म्हणजे जास्त उजेड"

तारेच्या बल्बच्या काळात हे खरं होतं, कारण सगळे बल्ब एकाच पद्धतीनं उजेड देत. टंगस्टनची तार तापून पांढरी होते आणि त्या तापण्यातून थोडासा उजेड मिळतो. विजेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णता होऊन जातो. एलईडीत अर्धवाहकाच्या छोट्या चिपमधून थेट प्रकाश निघतो. घरातल्या पांढऱ्या एलईडीची चिप मुळात निळा प्रकाश देते आणि तिच्यावरचा पिवळसर फॉस्फरचा थर त्याचा पांढरा करतो. हा निळा एलईडी बनवणं दीर्घकाळ जमत नव्हतं. ते जमवल्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेव्हा उजेड बघायचा तो ल्युमेनमध्ये. 60 वॉटचा जुना बल्ब साधारण 700 ल्युमेन देतो, चांगला 9 वॉटचा एलईडी 900 च्या आसपास. खोक्यावर ल्युमेनचा आकडा छापलेला असतो. नसेल तर तो बल्ब घेऊ नये. बीईई या सरकारी संस्थेच्या लेबलवरचे तारेही एका वॉटमागे किती ल्युमेन मिळतात यावरच ठरतात. एकाच वॉटचे दोन बल्ब उजेडात बरेच वेगळे असू शकतात. खोली मंद वाटते म्हणून लोक 9 चा काढून 15 वॉटचा लावतात, तेव्हा वाचवलेल्या विजेतली काही परत देऊन टाकतात. बऱ्याचदा दोष बल्बच्या जागेचा असतो. ओट्यावर काम करताना दिवा पाठीमागे असेल, तर स्वतःचीच सावली भाजीवर पडते. तिथे ओट्याच्या वर पाच वॉटची छोटी पट्टी लावली, की छतावरचा मोठा दिवा लावायची गरजही राहत नाही.

पांढऱ्या दिव्याला कमी वीज लागते आणि पिवळ्याला जास्त, हीसुद्धा तशीच समजूत. 6500 केल्विनचा पांढराशुभ्र आणि 3000 केल्विनचा पिवळसर, दोन्ही 9 वॉटचेच असतील तर मीटरला फरक पडत नाही. डोळ्यांना पडतो. रात्री उशिरापर्यंत निळसर प्रखर उजेडात राहिल्यानं झोप लागायला वेळ लागतो, म्हणून निजायच्या खोलीत पिवळसर दिवा बरा.

"पंचवीस हजार तास म्हणजे चौदा वर्षं बघायला नको"

25,000 तासांचा हिशेब रोज पाच तासांप्रमाणे पावणेचौदा वर्षांचा होतो. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांत गेलेले बल्ब घरोघरी आहेत, आणि त्यावरून एलईडी म्हणजे फसवणूक असा निष्कर्ष काढला जातो. दोन्ही टोकं चुकीची आहेत.

तो आकडा मुख्यतः चिपचा आहे. एलईडी सहसा एकदम जात नाही, त्याचा उजेड हळूहळू उतरतो, आणि मूळ उजेडाच्या 70 टक्क्यांवर आला की त्याचं आयुष्य संपलं असं धरतात. अचानक बंद पडतो तो बहुतेकदा आतला ड्रायव्हर, म्हणजे घरातल्या विजेचं चिपला चालेल अशा विजेत रूपांतर करणारं सर्किट. त्यातल्या कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. एलईडी गरम होत नाही, हा गैरसमज इथेच महागात पडतो. समोरून उजेडाबरोबर धग येत नाही हे खरं, पण बल्बची मागची बाजू चांगलीच तापते आणि ती उष्णता हवेत जायला वाट लागते. चारी बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात किंवा हवा न खेळणाऱ्या पीओपीच्या छतात साधा बल्ब कोंडला, तर तो लवकर जाणारच.

म्हणून बल्ब निवडताना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्याखाली आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. एलईडी बल्बसाठी आयएस 16102 हे मानक आहे आणि नोंदणी सक्तीची आहे. गाडीवर तीस रुपयांना मिळणाऱ्या बल्बवर हे नसतं. विजेचा दाब सतत वरखाली होणाऱ्या गावांत तर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत बल्ब चालतो हा खोक्यावरचा आकडा वाचूनच खरेदी करावी. आणि गॅरंटीचा फायदा खरोखर घ्यायचा असेल, तर बिल जपून ठेवावं आणि बल्ब बसवतानाच त्याच्या पांढऱ्या बुडावर मार्कर पेननं तारीख लिहून टाकावी. दीड वर्षानं तो गेला की दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

"बटण बंद केलं तरी बल्ब मिणमिणतो, म्हणजे बल्ब खराब"

बल्ब बहुधा ठीक असतो. बटणावर छोटा लाल इंडिकेटर असेल, तर त्यातून जाणारा अगदी थोडा प्रवाहही एलईडीला मिणमिणायला पुरतो. त्यातून बिल वाढत नाही. पण दुसरं कारण गंभीर आहे. वायरिंग करताना बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असेल, तर बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत फेज आलेला असतो. जुन्या बल्बला एवढ्याशा प्रवाहानं काहीच होत नसे, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं लपून राहिली. एलईडी ती उघड करतो. अशा होल्डरला बल्ब बदलताना बोट लागलं तर शॉक बसतो. वायरमनला बोलावून टेस्टरनं तपासून घ्यावं, आणि तोपर्यंत बल्ब काढायचा झाल्यास मेन स्विच बंद करूनच काढावा.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवतानाही वायरमनच हवा. चोक आणि स्टार्टर तसेच ठेवून नुसती ट्यूब बदलली, तर चोकचा खर्च चालूच राहू शकतो, आणि काही ट्यूब त्या जोडणीत चालतच नाहीत. माझ्या मते जुनी पट्टी काढून अख्खी एलईडी पट्टी लावणं सरळ आणि सुरक्षित.

"एलईडी महाग पडतो"

एके काळी पडत होता. केंद्र सरकारनं 5 जानेवारी 2015 ला उजाला योजना सुरू केली. ईईएसएल या सरकारी कंपनीनं एकगठ्ठा खरेदी केल्यावर, 2014-15 मध्ये 310 रुपयांना पडणारा बल्ब 2016-17 पर्यंत 38 रुपयांवर आला. योजनेत 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले आणि बाजारातल्या किमतीही त्यापाठोपाठ उतरल्या. आज महाग पडतो तो न बदललेला जुना बल्ब.

सगळ्यात जास्त पैसा वाचतो तो सोसायटीच्या जिन्यात, असं मला वाटतं, आणि तिथेच सगळ्यात कमी लक्ष असतं, कारण ते बिल कुणा एकाच्या नावावर येत नाही. जिन्यातली जुनी ट्यूब संध्याकाळी सातला लागते आणि सकाळी सातला बंद होते. बारा तासांच्या हिशेबानं एका ट्यूबमागे वर्षाला 140 युनिट वाचतात. चार मजल्यांचे 560. शिवाय जिन्यात 20 वॉटच्या पट्टीचीही गरज नसते, 9 वॉटचा बल्ब पुरतो. वार्षिक सभेत देखभाल खर्चावर चर्चा होते, तेव्हा हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

दिवाळीत आकाशकंदिलात 40 किंवा 60 वॉटचा बल्ब सोडण्याची सवयही मोडायला हवी. तिथे युनिट थोडीच वाचतील, पण कागद तापून करपण्याचा आणि पेटण्याचा धोका जवळपास जातो.

आणि काढलेले जुने दिवे कुठे टाकायचे, हा प्रश्न उरतो. एलईडीत पारा नसतो. सीएफएल आणि ट्यूबमध्ये मात्र थोडा असतो, काही मिलिग्रॅमच, पण घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकण्यासारखा नाही. न फुटता, मूळ खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ते ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावेत. घरात फुटलाच, तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनी, विशेषतः मुलांनी, खोलीबाहेर थांबावं. मग केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर न फिरवता काचा जाड कागदानं गोळा कराव्यात, उरलेला चुरा ओल्या कागदानं पुसावा आणि सगळं झाकणाच्या डब्यात बंद करून ई-कचऱ्यातच द्यावं.