हायब्रिडची बॅटरी : नेहमीचं काय, बिघाड कुठला?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

पेट्रोलचा काटा खाली आला, की आपण पंप शोधू लागतो. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते, की हायब्रिड गाडीत बॅटरीच्या चित्रातल्या पट्ट्या कमी झाल्या, तरी जीव वरखाली होतो. त्यातच कुणी "बॅटरी गेली" असं सांगितलं, तर ते दोन शब्द फार महागात पडू शकतात. म्हणून पट्ट्यांची नेहमीची चढउतार कोणती आणि खरा बिघाड कुठला, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

उदाहरणासाठी टोयोटाची प्रियस घेऊ. ही गाडी डिसेंबर १९९७मध्ये जपानमध्ये विक्रीला आली. २००३ साली आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीत निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल एकापुढे एक जोडलेले होते. प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे एकूण सुमारे २०२ व्होल्ट. ही बॅटरी गाडीचा संगणक कधी काठोकाठ भरत नाही आणि तळापर्यंत उपसतही नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधल्या टप्प्यात तो तिला खेळवत ठेवतो. त्यामुळे तिचं आयुष्य वाढतं. पडद्यावरच्या आठ पट्ट्या या मधल्या टप्प्याच्याच असतात. दोनच पट्ट्या उरल्या, तरी आत बरीच वीज शिल्लक असते.

आता नेहमीचे प्रकार पाहू. खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरताना चाकं मोटर फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि पट्ट्या भराभर चढतात. बॅटरी भरली, की वीज साठवायला जागा उरत नाही. मग वेग आवरण्यासाठी संगणक इंजिन नुसतंच फिरवतो. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन मोठ्यानं आवाज करू लागतं, ते यामुळे. उलट, मे महिन्यात वाहतूक कोंडीत अडकलो, तर एसी बॅटरीवर चालतो. पट्ट्या उतरतात, इंजिन आपोआप सुरू होतं, थोडी वीज भरतं आणि बंद पडतं. यात काळजीचं काही नाही.

आपली एक सवय मात्र इथे आडवी येते. सिग्नलला आपण गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो. प्रियस 'एन'मध्ये असेल, तर इंजिन चालू असूनही बॅटरी चार्ज होत नाही. कोंडीत बराच वेळ 'एन' ठेवला, तर बॅटरी उतरतच राहते. त्यापेक्षा 'डी' ठेवून ब्रेक दाबावा किंवा 'पी' लावावा.

मग बिघाड कधी समजायचा? सपाट रस्त्यावर दोन-तीन मिनिटांत सगळ्या पट्ट्या भरत असतील आणि तितक्याच झटपट उतरत असतील, बॅटरीचा पंखा सतत घोंघावत असेल, मायलेज घसरलं असेल किंवा धोक्याचा दिवा लागला असेल, तर दुर्लक्ष करू नये. स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात. त्यातला एक जरी थकला, तरी सगळी रांग मंदावते. सेलचंही तसंच आहे. एक कमकुवत सेल लवकर भरतो, लवकर रिकामा होतो आणि बाकीच्यांनाही थांबवतो.

तपासणी स्वस्त गोष्टीपासून सुरू करावी. बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटशेजारच्या जाळीतून जाते. तिथे धूळ आणि केस साचतात, कधी पिशवीच टेकून ठेवलेली असते. हवा अडली, की बॅटरी तापते आणि सेल लवकर म्हातारे होतात. जाळी साफ करून घ्यावी. अर्थात, मेलेला सेल त्यानं जिवंत होत नाही. गाडी सुरूच होत नसेल, तर आधी डिकीतली १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासावी. संगणक जागा होतो तो तिच्यावर. दोष तिचा असतो आणि आळ मोठ्या बॅटरीवर येतो.

यानंतर स्कॅनर. या प्रियसमधली २८ मॉड्यूल १४ जोड्यांमध्ये मोजली जातात. गाडीवर भार आला, की एखाद्याच जोडीचं व्होल्टेज इतरांपेक्षा खूप खाली जात असेल, तर दोष तिथे आहे. हे आकडे आपल्याला दाखवा, असं मेकॅनिकला जरूर सांगावं. फक्त तेवढं मॉड्यूल बदलणं स्वस्त पडतं. पण उरलेली मॉड्यूल तितकीच जुनी असतात, हे लक्षात घेऊनच निर्णय करावा.

एक गोष्ट मात्र घरी करू नये. नारिंगी रंगाच्या वायरींना हात लावू नये आणि बॅटरीचं झाकण उघडू नये. गाडी बंद असली, तरी आत २०० व्होल्ट असतात आणि ते जीव घेऊ शकतात.

२०२२ साली आपल्याकडे आलेल्या ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या हायब्रिडमध्ये लिथियम-आयनची बॅटरी आहे. नव्या गाड्यांत हवेची जाळी कुठे आहे, हे त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावं. गाडी कोणतीही असो, पट्ट्या कधी घसरल्या, तेव्हा चढ होता की उतार, एसी चालू होता का, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवा आणि ती वही घेऊनच गॅरेजमध्ये जा.