सहा वर्षांचं मूल आणि बाबागाडी? थीम पार्कला निघण्याआधी हे समजून घ्या

परतूर : परीक्षा संपल्या की घराघरांत एकच विषय निघतो, यंदा मुलांना कुठं न्यायचं? मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्ग गावातूनच जातो, त्यामुळं परतूरकरांना हैदराबाद सोयीचं पडतं. रामोजी फिल्म सिटी, वंडरला, नेहरू प्राणिसंग्रहालय अशी यादी तयार होते. मुंबईच्या बाजूला जाणारे खोपोलीजवळचं इमॅजिका गाठतात. तिकिटं, हॉटेल, खाण्यापिण्याचा खर्च, सगळ्याचा हिशेब आधी होतो. एक हिशेब मात्र राहून जातो. सोबतचं पाच-सहा वर्षांचं मूल दिवसभरात चालणार किती?

त्याचं उत्तर साधारण दुपारी तीनच्या सुमाराला मिळतं. मूल रस्त्यातच बसकण मारतं, ‘पाय दुखतात’ म्हणून रडतं आणि मग वीस किलोंचं ते ओझं आधी बाबांच्या खांद्यावर, मग आईच्या कडेवर आणि शेवटी आजोबांच्या पाठुंगळीला जातं.

परदेशातल्या मोठ्या थीम पार्कमध्ये यावर साधा उपाय दिसतो. तिथं पाच, सहा, अगदी सात वर्षांची मुलंही स्ट्रोलरमध्ये, म्हणजे आपल्या बाबागाडीत बसलेली असतात. प्रवेशद्वाराजवळच गाड्या भाड्यानं मिळतात. आपल्याकडं हे दृश्य दिसलं, की ‘एवढा घोडा झाला तरी गाडीत बसतो?’ असं कुणीतरी म्हणणारच. ही लाडावण्याची गोष्ट आहे की गरजेची?

आधी पावलांचं गणित

माणसाच्या एका पावलाचं अंतर त्याच्या उंचीच्या साधारण ०.४१ पट धरतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या मोठ्या माणसाचं पाऊल ६८ सेंटिमीटरच्या आसपास पडतं. ११० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं पडतं ४५. पार्कात दिवसभरात सात किलोमीटर फिरणं झालं, तर तुमच्या मोबाइलमधलं ॲप दहा हजारांच्या थोडं वर पावलं दाखवेल. तेवढ्याच अंतराला मुलाची पावलं होतात साडेपंधरा हजार. तीही तुमच्या वेगानं, कारण तुम्हाला पुढची राइड गाठायची असते.

‘घरी तर दिवसभर पळतो, मग इथंच कसा थकतो?’ हा प्रश्न पालकांना पडतो. घरी मूल स्वतःच्या मनानं पळतं आणि मनात आलं की बसतं. पार्कात ते दुसऱ्याच्या वेगानं, उन्हात, तापलेल्या फरशीवर चालतं. शिवाय आदल्या रात्री रेल्वेत झोप झालेली नसते.

गाडी नेमकी कुठं उपयोगी पडते?

पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथंच होतो. बाबागाडी राइडच्या रांगेत सहसा नेता येत नाही, ती बाहेर लावावी लागते. सुट्टीच्या गर्दीत मुलाचे पाय सर्वाधिक दुखतात ते रांगेत उभं राहून, आणि तिथं गाडी काहीच कामाची नाही. ती उपयोगी पडते दोन राइडमधल्या अंतरात, जेवणानंतरच्या डुलकीला आणि संध्याकाळी गेटपर्यंत परत येताना. रांगेचा त्रास कमी करायचा तर शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जाणं, हाच उपाय जास्त लागू पडतो.

जागेप्रमाणंही उत्तर बदलतं. रामोजी फिल्म सिटी १,६०० एकरांहून मोठी असली, तरी तिथं बसनं फिरवतात आणि ठिकठिकाणी उतरवतात. प्रत्येक थांब्याला गाडी घडी घालून चढवायची-उतरवायची. म्हणून हलकी, एका हातानं मिटणारी गाडी असेल तरच न्यावी. हैदराबादचं नेहरू प्राणिसंग्रहालय ३८० एकरांवर पसरलंय आणि तिथं खरंच पायपीट होते. पण आत बॅटरीवरच्या गाड्या असल्यानं बाबागाडीवाचूनही निभतं. वॉटर पार्कसाठी मात्र गाडी नेऊच नका. ओली फरशी, पायऱ्या आणि दिवसाचा बहुतेक वेळ पाण्यात, त्यामुळं ती एका कोपऱ्यात पडून राहते. वेरूळच्या लेण्यांचंही तेच. तिथल्या पायऱ्यांवर गाडीच उचलून न्यावी लागेल.

भारतातल्या पार्कमध्ये भाड्यानं गाडी मिळते का, आणि मिळत असेल तर किती किलोंच्या मुलापर्यंत, हे तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. अनेक ठिकाणच्या गाड्या तान्ह्या बाळांचा विचार करून ठेवलेल्या असतात.

वय नको, वजन बघा

दुकानात गाडी घेताना आपण ‘मुलगा पाच वर्षांचा आहे’ असं सांगतो. खरं तर सांगायला हवं वजन. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बाबागाड्या १५ किलोंपर्यंतच्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार चार वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १६ किलोंच्या आसपास, पाच वर्षांच्या मुलाचं १८ आणि सहा वर्षांच्या मुलाचं २० किलोंच्या थोडं वर असतं. म्हणजे घरात धाकट्यासाठी घेतलेली गाडी थोरल्याला बहुधा चालणार नाही. ती लगेच मोडेल असं नाही, पण घडीचं कुलूप आणि चाकांचे दांडे त्या वजनासाठी बनवलेले नसतात. मूल बसलेलं असताना गाडी मिटली, तर बोटं चेमटण्याचा धोका असतो.

युरोपात बाबागाड्यांसाठी ईएन १८८८ हे मानक आहे. त्याचा पहिला भाग १५ किलोंपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांसाठी आणि दुसरा १५ ते २२ किलोंसाठी आहे. ऑनलाइन खरेदी करताना ‘कमाल वजन २२ किलो’ असा स्पष्ट उल्लेख शोधा. बहुतेक मुलांचं वजन सातव्या वर्षाच्या आसपास त्या मर्यादेपर्यंत पोहोचतं. त्यापुढच्या मुलासाठी साधी बाबागाडी शोधत बसण्यात अर्थ नाही.

वजन जुळलं तरी उंची राहतेच. डोकं वरच्या छताला टेकत असेल किंवा पाय जमिनीला घासत असतील, तर मूल दहा मिनिटांत उतरतं आणि रिकामी गाडी तुम्ही ढकलत बसता. शक्य असेल तर दुकानात मुलाला बसवूनच बघा.

एक गोष्ट इंजिनिअरिंग शिकलेल्यांना आवडेल. आज सगळीकडं दिसणारी छत्रीसारखी मिटणारी गाडी ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्यानं १९६५ मध्ये तयार केली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यानं काम केलं होतं. मुलगी नातवंडाची अवजड गाडी घेऊन प्रवास करताना बघून त्याला ही कल्पना सुचली, आणि ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून त्यानं अवघ्या पावणेतीन किलोंच्या आसपासची गाडी बनवली.

खांदा बरा की गाडी?

वीस किलोंचं मूल आणि सात किलोंची गाडी मिळून २७ किलो होतात. सपाट रस्त्यावर ही गाडी ढकलायला जेमतेम पाऊण-एक किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. १:१२ उताराच्या रॅम्पवर चढवताना त्यात सव्वादोन किलोंची भर पडते. खांद्यावर घेतलं तर पूर्ण वीस किलो मणक्यावर येतात, आणि गर्दीत तोल गेला तर मूल पाच फुटांवरून पडतं. जत्रेत लेकराला खांद्यावर बसवून पालखी दाखवणं वेगळं, ते दहा मिनिटांचं काम. इथं प्रश्न आठ तासांचा आहे. पाठदुखीचे आजोबा सोबत असतील तर हा हिशेब त्यांच्यासाठी करा, कारण ‘नको, मी दमलोय’ असं ते नातवाला म्हणणार नाहीत.

मग मूल आळशी होणार नाही का?

चार-दोन दिवसांच्या सहलीनं नाही. पण गाडी रोजचीच झाली तर शंका रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं दमवणारी असावीत, असं त्यात म्हटलं आहे. अशा मुलांना बाबागाडीसारख्या साधनात सलग एका तासापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवू नये, असंही सांगितलं आहे. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांचा चांगला व्यायाम सुचवला आहे. पार्कात हा आकडा सहज गाठला जातो. सकाळी मूल ताजंतवानं असताना त्याला चालू द्या, गाडीत पाण्याच्या बाटल्या ठेवा. दुपारनंतर त्याला बसवा.

सतत थकणारं मूल असेल तर…

सहलीत दमणं वेगळं. एरवीही मूल शाळेतून आलं की आडवं होत असेल, जिना चढताना थांबत असेल, खेळात मागं पडत असेल, तर गाडी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे दर तीन मुलांमागं दोन. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या व शाळांमध्ये येतात तेव्हाही त्यांना विचारता येतं.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्या मांड्यांवर हात टेकवत वर येत असेल किंवा वारंवार पडत असेल, तर ते स्नायूंच्या आजाराचं लक्षण असू शकतं. ‘आळशी आहे’ म्हणून तिकडं दुर्लक्ष करू नका.

ज्यांचं निदान झालंय त्या मुलांसाठी बाबागाडीचा विषयच निराळा. सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, ऑटिझम, तसंच थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे सगळे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात. थॅलेसेमियाचं मूल बाहेरून धडधाकट दिसतं, पण थोडं चाललं तरी थकतं. त्याच्या आईला ‘एवढा मोठा मुलगा गाडीत?’ असं विचारणाऱ्याला यातलं काही दिसत नसतं. अमेरिकेतल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये अशा कुटुंबांना एक खास टॅग मिळतो. तो लावला की बाबागाडीला व्हीलचेअर मानून रांगेतही नेऊ देतात. आपल्याकडच्या पार्कांनीही हे करायला काय हरकत आहे? खर्च एका छापील टॅगचा. तोवर दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड सोबत ठेवा आणि पार्कच्या मदत कक्षात आधीच बोला. ज्या मुलाला मान किंवा पाठ सावरता येत नाही त्याला साध्या गाडीत बसवू नका. त्यासाठी वेगळी खुर्ची लागते, आणि केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून ती पात्र मुलांना मिळू शकते.

उन्हाचं काय?

मे महिन्यात गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकून सावली करण्याची सवय बहुतेकांना असते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हेच मोजून पाहिलं. कोरडं मलमली कापड टाकल्यावर गाडीच्या आतलं तापमान बाहेरपेक्षा अडीच अंशांहून अधिक वाढलं. तेच कापड ओलं करून टाकलं आणि छोटा पंखा लावला, तेव्हा ते बाहेरपेक्षा जवळपास पाच अंशांनी खाली आलं. कापड दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओलं करावं लागतं. आपल्याकडं माठाला ओलं फडकं गुंडाळतात, त्यातलाच हा प्रकार. दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात मात्र चांगला होतो.

परदेशात जाणार असाल तर

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असल्यानं नातवंडांसोबत डिस्ने पाहायला जाणारे आजी-आजोबा आता मराठवाड्यातही कमी नाहीत. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत १ मे २०१९ पासून ३१ इंचांपेक्षा रुंद किंवा ५२ इंचांपेक्षा लांब गाडी आत नेता येत नाही, आणि ओढायच्या वॅगनवरही बंदी आहे. तिथं भाड्यानं मिळणारी एका मुलाची गाडी ५० पौंडांपर्यंत, म्हणजे साडेबावीस किलोंपर्यंतच्या मुलासाठी असते. सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज आणि हाँगकाँगचं डिस्नेलँड इथंही गाड्या भाड्यानं मिळतात. विमानात बाबागाडी मोफत नेण्याची सवलत अनेकदा तान्ह्या बाळांपुरतीच असते. सहा वर्षांच्या मुलाची गाडी सामानात मोजली जाईल का, हे विमान कंपनीला आधीच विचारून घ्या.

गाडी नेलीच तर

हँडलला जड पिशव्या अडकवू नका. मूल उतरलं की गाडी मागं उलटते. सरकत्या जिन्यावर गाडी चढवू नका, लिफ्टनं जा. फलाटावर ती रुळांना समांतर उभी करून ब्रेक लावा, म्हणजे सुटलीच तरी रुळांकडं जाणार नाही. राइडबाहेर लावताना पैसे, मोबाइल, औषधं त्यात ठेवू नका. हँडलला घरातली एखादी रंगीत चिंधी बांधा. बाहेर आल्यावर सारख्याच काळ्या-निळ्या पन्नास गाड्यांमधून आपली ओळखायची असते, आणि पार्कचे कर्मचारी कधी कधी त्या दुसरीकडं नेऊन लावतात.