पहिला नंबर

अमेरिकन बेसबॉलच्या १९८६ च्या मोसमात सेंट लुईस कार्डिनल्सच्या व्हिन्स कोलमननं १०७ बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा बेस गाठला, आणि ९४ धावा काढल्या. त्याच मोसमात बॉस्टन रेड सॉक्सच्या वेड बॉग्जनं एकही बेस चोरला नाही. त्याच्या धावा झाल्या १०७. कोलमन आपल्या संघाचा लीडऑफ, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा बॅटर. बॉग्जही त्या मोसमात बऱ्याचदा पहिलाच खेळायला यायचा; ऑक्टोबरच्या वर्ल्ड सिरीजमध्येही बॉस्टनची सुरुवात त्यानंच केली. पळण्यात दोघांची बरोबरीच नव्हती. पण बॉग्ज शंभर वेळा बॅटिंगला आला तर पंचेचाळीस वेळा बेसवर पोहोचायचा, कोलमन तीस वेळा. पहिला बेस चोरता येत नाही. तिथे आधी पोहोचावं लागतं.

क्रिकेटच्या सलामीवीरासारखं नव्या चेंडूची धार घालवणं हे लीडऑफ हिटरचं काम नाही. तो आउट झाला तरी तासाभरात पुन्हा बॅट घेऊन उभा राहतो, एका सामन्यात चार-पाच वेळा. डाव उघडण्याची खात्री फक्त पहिल्या इनिंगची. पुढे तो कधी, किती माणसं बेसवर असताना येईल हे खेळ ठरवतो. १६२ सामन्यांच्या मोसमात नवव्या क्रमांकाच्या बॅटरपेक्षा त्याला साधारण दीडशे संधी जास्त मिळतात. संघाकडे भांडवल एकच असतं: नऊ इनिंगमधले सत्तावीस आउट. ज्याला सर्वाधिक वेळा खेळायला पाठवायचं, त्यानं हे भांडवल सर्वांत कमी खर्च करावं, इतका हा सरळ हिशोब आहे.

तरीही वर्षानुवर्षं मॅनेजर मंडळी चपळ, सडपातळ माणूस शोधून त्याला पहिला पाठवत राहिली. याला एक कारण आकडेवारीतच होतं. पिचरचे चार चेंडू स्ट्राइक झोनच्या बाहेर सोडून दिले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात. पण बॅटिंग अॅव्हरेजमध्ये वॉक मोजलाच जात नाही. वॉक धरून काढलेलं ऑन-बेस प्रमाण मेजर लीगच्या अधिकृत आकडेवारीत आलं ते १९८४ साली.

बेसवर पोहोचण्याचं महत्त्व रिकी हेंडरसनला कुणी शिकवावं लागलं नाही. १९५८ च्या नाताळात जन्मलेला हा मुलगा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये वाढला आणि १९७९ मध्ये ओकलंडच्याच ‘ए’ज’ संघातून मेजर लीगमध्ये उतरला. १९८२ मध्ये त्यानं १३० बेस चोरले; आधुनिक बेसबॉलमध्ये एका मोसमाचा तो विक्रम आजही अबाधित आहे. त्याची कारकीर्द सांगणारे इथेच थांबतात, आणि मला ते चुकीचं वाटतं. त्या वर्षी तो ४२ वेळा पकडलाही गेला होता. एकही आउट नसताना पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर गेलात, तर संघाच्या अपेक्षित धावा सरासरी पाव धावेनं वाढतात. पकडला गेलात तर त्याच्या दुप्पटीहून जास्त नुकसान होतं. चारपैकी तीन चोऱ्या साधल्या तरी हाती फारसं लागत नाही.

खरं वर्ष १९८५. तेव्हा तो न्यू यॉर्क यांकीजकडे होता. ८० चोऱ्या, पकडला गेला फक्त १० वेळा, २४ होम रन, आणि १४३ सामन्यांत १४६ धावा. त्याच्या मागून खेळणाऱ्या डॉन मॅटिंग्लीनं १४५ धावा ‘घरी आणल्या’ आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब मॅटिंग्लीला मिळाला. हेंडरसन मतदानात तिसरा. घरी आणायला बेसवर माणूस लागतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा कोण होता हे मतदारांनी पाहायला हवं होतं.

बॅटिंगला तो इतका वाकून उभा राहायचा की गुडघ्यापासून छातीपर्यंतचा स्ट्राइक झोन आक्रसून जायचा. पिचर पेचात सापडायचा. झोनमध्ये टाकावं तर होम रनची भीती: डावाच्या पहिल्याच बॅटरनं मारलेले ८१ होम रन त्याच्या नावावर आहेत. बाहेर टाकावं तर वॉक, आणि त्याचा वॉक म्हणजे थोड्याच वेळात दुसरा बेस. त्याला वॉक देणं कुणालाच परवडणारं नव्हतं, तरी कारकिर्दीत त्याला २,१९० वॉक मिळाले. पिचरनं मुद्दाम दिलेले वगळले तरी २,१२९ उरतात, आणि त्या हिशोबात एकूण वॉकमध्ये पहिला असलेला बॅरी बाँड्ससुद्धा त्याच्या मागे आहे. १,४०६ चोऱ्यांपेक्षा मला हा आकडा मोठा वाटतो. तेवढ्या चोऱ्या करायला तितक्या वेळा बेसवर असणं भाग होतं.

४ ऑक्टोबर २००१ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी, त्यानं टाय कॉबचा सर्वाधिक धावांचा विक्रम मोडला. तो होम रन होता, आरामात चालत आलं तरी चाललं असतं; त्यानं होम प्लेटवर घसरत येऊनच धाव पूर्ण केली. त्याच्या एकूण धावा २,२९५ वर थांबल्या.

आता लीडऑफची व्याख्या सैल झाली आहे. फिलाडेल्फियाच्या काइल श्वार्बरचं २०२३ चं अॅव्हरेज होतं .१९७, जुन्या मॅनेजरनं त्याला बाकावर बसवलं असतं. पण १२६ वॉक आणि ४७ होम रनच्या बळावर पहिल्या क्रमांकावरून त्यानं १०८ धावा काढल्या. २०२४ मध्ये पहिला खेळणाऱ्या मुकी बेट्सचा हात मोडला आणि डॉजर्सनी शोहेई ओहतानीला पहिला पाठवलं. मोसमाअखेर ५४ होम रन, ५९ चोऱ्या. आपल्या सर्वांत घातक बॅटरला सर्वाधिक संधी द्या, हे आता सगळ्यांना पटलेलं आहे.

हेंडरसन २० डिसेंबर २०२४ रोजी गेला. त्याची आठवण म्हणून बहुतेक जण चोऱ्यांची चित्रफीत दाखवतील. तुम्ही २३ ऑक्टोबर १९९३ ची, वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यातली नववी इनिंग शोधून पाहा. टोरंटो ५-६ ने मागे. जो कार्टरनं होम रन मारून किताब मिळवून दिला, एवढं जगाला माहीत आहे. त्या इनिंगचा पहिला बॅटर, तेव्हा टोरंटोकडे असलेला हेंडरसन होता. पिचर मिच विल्यम्सचे चारही चेंडू त्यानं सोडून दिले. तो दुसरा बेस चोरील या धास्तीनं विल्यम्सनं पाय जेमतेम उचलून, नेहमीची शैली सोडून पिचिंग केली. पॉल मॉलिटरची हिट आली, आणि मग कार्टर. हेंडरसननं ना चोरी केली, ना बॅट फिरवली. बरोबरीची धाव त्याची होती.