फडातली पोरं : कायद्याने सुटतील की सुबत्तेने?



लागण, खोडवा, खते, पाणी यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. आजचा विषय वेगळा असला तरी तोही आपल्याच फडातला आहे. हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात आणि त्यांच्याबरोबर पोरंही येतात. ही पोरं कामातून कशी सुटणार, यावर गटऑफिसात दोन मतं ऐकू येतात. काही म्हणतात, ‘सरकारनं कायदा कडक करावा.’ दुसरे म्हणतात, ‘चार पैसे हातात आले की पोरं कोण राबवतंय?’ दोन्हींत तथ्य आहे, पण अर्धेच.

आधी कायद्याचे पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्याने १४ वर्षांखालील मूल कारखान्यात कामाला लावण्यास बंदी घातली. गेटाच्या आत हे पाळले जाते, कारण तिथे हजेरीपट असतो, तपासणी होते. १९८६ चा बालकामगार कायदा ठराविक धंद्यांपुरता होता. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी आली. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्याची सूट राहिली. पण फडात मुलाला ‘कामावर’ कोणी ठेवलेलेच नसते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीच्या नावावर, मजुरी टनावर. उचल फेडायची तर टन भरला पाहिजे. मग दहा वर्षांची पोरगी खोपीवर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते; पोरगा वाढे गोळा करतो, मोळीला हात लावतो. कागदावर मात्र माणसे दोनच.

आता सुबत्तेचे. व्हिएतनाममध्ये १९९० नंतरच्या दशकात तांदळाचा भाव वाढला, तशी भात पिकवणाऱ्या घरांतली मुले कामातून सुटू लागली. आपल्याकडेही उसाच्या पैशाने आपली पोरं शिकली, हे खरेच. पण सुबत्ता ज्याच्या घरात येते त्याचीच पोरं सोडवते. ऊस आपला, भावही आपला. तोडणाऱ्याला मिळते ती टनामागची मजुरी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती योग्यच झाली. तरीही आई-बाप पहाटे फडात गेल्यावर पोरानं दिवसभर कुठं राहायचं, हा प्रश्न दराने सुटत नाही. जवळ शाळा नसेल तर ते आईमागं फडातच येणार.

याचे उत्तर कोल्हापूरला नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. तेव्हा घरोघरी सुबत्ता नव्हती. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. पण दंडाआधी फी माफ होती आणि गावात शाळा काढण्याची जबाबदारी दरबारने घेतली होती. सक्तीला सोयीची जोड होती, म्हणून ती लोकांपर्यंत पोचली.

टोळीच्या पोरांची अडचण वेळापत्रकाची आहे. शाळा जूनला भरते, टोळी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि परत जाते तेव्हा वर्ष संपत आलेले असते. मूल गावीच राहावे म्हणून तिकडे हंगामी वसतिगृहे निघाली, इकडे अड्ड्यावर साखरशाळा निघाल्या. शिवाय २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेने वयानुरूप वर्गात घेतलेच पाहिजे. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मात्र ही गोष्ट परमुलखातून आलेल्या मजुराला कोण सांगणार?

ते आपण सांगू शकतो. टोळी गावात उतरली की खोपींवर किती पोरं आहेत ते पाहा आणि शाळेच्या हेडमास्तरांच्या कानावर घाला. मुकादमाशी बोलताना आपण ट्रॉली कधी भरणार एवढेच विचारतो. पोरं शाळेत घातली का, हेही विचारा. वाढे घेताना भारा पोराच्या डोक्यावर देऊ नका, थोरल्या माणसाला आणू द्या. फडात तपासणीस येत नाही, पण बांधावर आपण उभे असतोच. सक्ती सरकारची, मजुरी कारखान्याची आणि नजर सभासदाची, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच फडातलं पोर शाळेत बसेल.

— ऊस विकास अधिकारी