भुईआवळ्याचा अर्क

भुईआवळा औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत येतो तो सावलीत वाळवून, भरड कुटून. पूड फार बारीक झाली की ती गच्च बसते आणि मेथॅनॉल तिच्यातून झिरपत नाही. जाड कागदी नळीत पूड भरून ती सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात ठेवतात, खालच्या चंबूत मेथॅनॉल तापत राहतं. वाफ वर जाऊन थंड होते, थेंबाथेंबाने पुडीवर पडते आणि पात्र भरलं की सगळं द्रावण सायफनमधून एका दमात चंबूत उतरतं. पहिला फेरा गर्द हिरवा. पुढचे फिकट होत जातात, आणि सायफनच्या नळीतला रंग जवळजवळ गेला की तापवणं बंद. मग कमी दाबाखाली, बेताच्या उष्णतेवर मेथॅनॉल उडवायचं. तळाशी चिकट, काळपट हिरवा अर्क उरतो.

आता अर्क मुक्त मूलकं, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, शमवतो का ते पाहायला डीपीपीएच. या रसायनाचं द्रावण गडद जांभळं असतं. त्यात अर्काचे थेंब टाकून अर्धा तास अंधारात ठेवलं की जांभळा उतरून पिवळसर होतो, म्हणजे अर्काने मुक्त मूलकं शमवली. किती शमवली, ते 517 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. हा रंगबदल पाहताना विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात आणि मला त्यांचा आनंद समजतो. पण भुईआवळा दिला जातो तो यकृतासाठी, आणि परीक्षानळीत यकृत नसतं.

म्हणून पुढे उंदीर, तेही नीतिसमितीच्या परवानगीने. त्यांना कार्बन टेट्राक्लोराइड देतात. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं मूलक बनवतं, ते पेशीपटलातल्या मेदावर तुटून पडतं, पेशी फुटतात आणि रक्तात एसजीपीटी, एसजीओटी ही यकृतपेशींतली एन्झाइम्स वाढतात. अर्क दिलेल्या गटात हे आकडे कमी आले की 'यकृतरक्षक' असा निष्कर्ष निघतो. इथे मी अडतो. बहुतेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधी दिलेला असतो. त्याने ते एन्झाइमच मंदावलं असेल, तर विष तयारच कमी झालं, मग मूलकं शमवण्याचं श्रेय अर्काला कसं द्यायचं? शिवाय माणूस दवाखान्यात येतो तो इजा झाल्यावर. अर्क विषानंतर देऊन पाहणारा गट प्रत्येक प्रबंधात असायलाच हवा.

याच वनस्पतीवर 1988 साली 'लॅन्सेट'मध्ये मद्रासच्या संशोधकांनी हेपॅटायटिस बी बाबत फार आशादायक निकाल छापले होते. पुढच्या चाचण्यांत ते टिकले नाहीत.

आपल्याकडे कावीळ झाली की भुईआवळा वाटून दुधातून किंवा ताकातून देतात. दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ए ची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपली आपण उतरते आणि गुण पाल्याच्या नावावर जमा होतो. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर मात्र तो पाल्याने निघत नाही. कावीळ आणणारं बिलिरुबिन रक्तात चढत राहतं, नलिकेत जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्यामुळे डोळे पिवळे दिसले की आधी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी.