तेवढं बंद करून द्या

सकाळी साडेआठ
पुण्यात धायरीतल्या गॅरेजचं शटर वर जायच्या आत शेजारच्या सोसायटीतून फोन. गाडी ऑटोमॅटिक, बॅटरी पार उतरलेली, आणि काकांनी धक्का मारायला वॉचमनसकट चार जण गोळा केलेले. म्हटलं, काका, त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा, ऑटोमॅटिक धक्क्यावर सुरू होत नाही. पोऱ्याला जम्पर केबल देऊन पिटाळलं.

सव्वानऊ
डिझेल एसयूव्ही. चालवणाऱ्या ताई दारातूनच म्हणाल्या, “मिस्त्री, ती लाइट परत आली. तेवढी बंद करून द्या.”

स्कॅनर लावला. डीपीएफ चोक. 1 एप्रिल 2020 पासून देशभर धुराचे बीएस-6 नियम लागू झाले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर हा फिल्टर दिसतो. तो काजळी अडवतो. पुरेशी साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडते, आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. आम्ही त्याला ‘रीजन’ म्हणतो. त्यासाठी गाडी तापून सलग पंधरा-वीस मिनिटं पळायला हवी. ताईंची गाडी घर ते शाळा, शाळा ते भाजी, मध्ये सिंहगड रोडची रांग. रीजन सुरू होतं तोवर शाळेचं गेट येतं, इंजिन बंद. दुपारी पुन्हा तेच.

अर्धवट रीजनचं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून दाखवली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर.
“वाढलंय म्हणजे चांगलंच ना?”
वास घ्यायला दिला. त्यांनी नाक मुरडलं.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: फिल्टर काढूनच टाकला तर? काढून देणारे शहरात आहेत. आतला गाभा फोडतात, सॉफ्टवेअर बदलतात, दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश. काजळी मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत. मी ते काम घेत नाही, आणि त्यापायी गिऱ्हाइकं जातात हेही खरं.

साडेदहा
गाडी घेऊन हायवेला. नवले पूल, नवा कात्रज बोगदा, शिंदेवाडी. वरचा गिअर न टाकता आरपीएम चढे ठेवायचे, आणि स्कॅनरवर काजळीचा आकडा उतरताना पोऱ्याने बघायचा. हवा स्वच्छ राहावी म्हणून बसवलेला भाग साफ करायला आम्ही दोघं डिझेल जाळत, कुठेही न जाता, खेड शिवापूरच्या टोलच्या अलीकडून वळतो. याचं बिल लावताना मलाच लाज वाटते.

ऐंशीच्या वर काटा गेला की पिंग. जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं: ऐंशीला दर मिनिटाला, एकशेवीसला अखंड. आता मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला कारला शंभरची परवानगी. म्हणजे माणूस नियमात असतानाही गाडी ओरडते. असं ऐकून ऐकून कान मरतात, आणि खऱ्या वेळीही ते मेलेलेच राहतात.

परतीला बोगद्यानंतरचा उतार. ट्रक अजूनही न्यूट्रलवर सोडतात, डिझेल वाचतं म्हणून. नवी इंजिनं गिअरमध्ये उतरताना इंधन आपोआप तोडतात, तेव्हा वाचत काहीच नाही. इंजिनाचा आधार मात्र जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. तंत्र बदललं, उस्तादाने शिकवलेलं तसंच राहिलं.

गॅरेजवर येऊन ऑइल बदललं.

दीड
डबा. मेथी.

तीन
सर्व्हिसिंगच्या गाडीत सीटबेल्टच्या खाचेत नुसती क्लिप खोचलेली. बेल्ट नाही, पण अलार्म गप्प. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, मागच्या सीटवर, बेल्ट नव्हता. महिनाभर सगळे बेल्टवर बोलत होते. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना या क्लिपा विकायला मनाई केली. तरी आहेतच. एअरबॅग बेल्टच्या जोडीने काम करायला बनवलीय. बेल्टविना माणूस आधीच पुढे फेकला जातो आणि फुगणारी बॅग त्याच्यावर आदळते. क्लिप काढून डॅशबोर्डवर ठेवली. मालकाने न बोलता खिशात घातली. पुन्हा लावणार.

साडेपाच
दगड लागून काच तडकलेली. काच मी बसवीन, पण आरशामागे आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा कॅमेरा आहे. काच बदलल्यावर तो सपाट जमिनीवर, मोजक्या अंतरावर खुणांचा बोर्ड लावून जुळवावा लागतो. माझ्या गॅरेजची जमीन सपाट नाही. शोरूमला पाठवलं.

त्यानंतरच्या गिऱ्हाइकाला ही यंत्रणाच नको होती: रिक्षा आडवी घुसली, गाडीने आपणहून करकचून ब्रेक मारला, मागून टेम्पो बंपरवर. “हे कायमचं बंद करून द्या.” कायमचं बंद करणार नाही म्हटलं. मेन्यूत जाऊन इशारा उशिरावर टाकून दिला, आणि पुढच्या गाडीपासून जरा लांब राहा, असंही सांगितलं. आपल्या रस्त्यावर लांब राहिलं की मधे दुसरी रिक्षा येते, हे त्यालाही माहीत होतं.

साडेसात
ताई गाडी न्यायला आल्या. एवढ्याशा रनिंगला पेट्रोल घ्यायला हवी होती, हे आता सांगून उपयोग नाही. म्हटलं, आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास काढा.
“मग दर रविवारी केतकावळ्याच्या बालाजीला जातो.”
“रविवारी ट्रॅफिक असतं. शनिवारी पहाटे जा.”
“आणि टोल?”
“तो पडेल.”